ई-सोर्ड की सोर्ड? आधी हे मिटवा, मग विंडोज की लिनक्स ते बघू

बायबलच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटरवर विंडोज ठेवू की लिनक्स टाकू असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो, आत्ता वापरताय काय? आणि उत्तर बऱ्याचदा येतं, "ते सोर्डवालं". घोडं इथेच पेंड खातं. कारण सोर्डवाली दोन आहेत, दोन्ही फुकट, दोन्ही जुनी, दोन्हीत किंग जेम्स हे जुनं इंग्रजी बायबल मिळतं, स्ट्राँगचे नंबर (मूळ हिब्रू-ग्रीक शब्दांना दिलेले क्रमांक) मिळतात, मॅथ्यू हेन्रीचं भाष्य मिळतं, आणि एवढं सगळं सारखं असून दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एकाचं नाव ई-सोर्ड, दुसऱ्याचं सोर्ड प्रोजेक्ट. एकाच्या फायली दुसऱ्यात उघडत नाहीत, आणि तुम्ही कुठल्यात अडकलाय त्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचं उत्तर जवळजवळ ठरून जातं.

नावाचा घोळ व्हायचं कारण सोपंय. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात देवाच्या वचनाला आत्म्याची तलवार म्हटलंय आणि इब्री लोकांस पत्राच्या चौथ्यात दुधारी तलवारीची उपमा आहे, त्यामुळे बायबलचं सॉफ्टवेअर बनवायला बसलं की प्रत्येकाला तलवारच, म्हणजे इंग्रजीत सोर्ड, सुचते. सोर्ड प्रोजेक्टवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅमचं नाव झायफॉस आहे, तो शब्द ग्रीक, अर्थ परत तलवारच. अँड्रॉइडवर मायसोर्ड म्हणून ॲप आहे, ते या दोघांपैकी कुणाचंच नाही, त्याचे मॉड्यूल (म्हणजे प्रोग्रॅममध्ये घालायची पुस्तकं) तिसऱ्याच प्रकारचे. म्हणजे म्यानं तीन, तलवारी ढीगभर.

आता ई-सोर्ड. हे रिक मायर्स या माणसाने २००० साली काढलं आणि तेव्हापासून त्याच्याच हातात आहे. फुकट आहे पण ओपन सोर्स नाही, म्हणजे वापरा हवं तेवढं, पण आतला कोड तुम्हाला बघायला मिळणार नाही. मूळ घर विंडोज. मॅकसाठी वेगळं ई-सोर्ड एक्स आहे, आयपॅड आणि आयफोनची वेगळी, आणि ॲपलकडची ही विकत घ्यावी लागतात. लिनक्ससाठी काही नाही. आणि खरं सांगायचं तर विंडोजवर बसून नुसता अभ्यास करायचा असेल, वचन इकडे, भाष्य तिकडे, खाली शब्दकोश, कोपऱ्यात स्वतःच्या टिपा, तर नव्या माणसाला ई-सोर्डइतकं सोपं दुसरं मला तरी दिसलेलं नाही. इन्स्टॉल केलं की पाचव्या मिनिटाला वाचायला सुरुवात होते.

सोर्ड प्रोजेक्टचं प्रकरण वेगळंय. हे मुळात ॲप नाहीच, हे इंजिन आहे. क्रॉसवायर बायबल सोसायटी नावाची स्वयंसेवकांची संस्था ते सांभाळते, लायसन्स जीपीएल, कोड सगळ्यांना खुला. या इंजिनावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गाड्या बांधल्यात, लिनक्सवर झायफॉस आणि बायबलटाइम (दोन्ही विंडोजवरही चालतात), मॅकवर एलोक्वेंट, अँड्रॉइडवर अँडबायबल, आयफोनवर पॉकेटसोर्ड. झायफॉस पूर्वी नोम-सोर्ड होतं, एलोक्वेंट पूर्वी मॅकसोर्ड होतं, म्हणजे त्यांनीही कधीतरी नावांची गर्दी कमी करायचा प्रयत्न केला असावा, पण जुनी नावं लोकांच्या तोंडून काही जात नाहीत. तर "सोर्ड कसं दिसतं" या प्रश्नाला उत्तर नाही, कुठली गाडी घेताय त्यावर आहे. ई-सोर्डवाला माणूस पहिल्यांदा झायफॉस उघडतो तेव्हा त्याला वाटतं हे त्याचंच लिनक्स व्हर्जन दिसतंय, जरा वेगळं केलंय एवढंच. तसं नाहीये.

खरा फरक मॉड्यूलच्या पोटात. ई-सोर्डचं मॉड्यूल म्हणजे एकच फाइल, आत एसक्यूलाइटचा डेटाबेस. विंडोजच्या ठरलेल्या जुन्या प्रकारात आतला मजकूर आरटीएफमध्ये (वर्डसारख्या प्रोग्रॅमच्या जुन्या प्रकारात) असतो आणि फाइलच्या नावाशेवटी एक्स लागतो (बीबीएलएक्स, सीएमटीएक्स असं), ॲपलच्या बाजूला मजकूर एचटीएमएलमध्ये आणि शेवटी आय. म्हणजे ई-सोर्डच्या घरातसुद्धा दोन भावांची चूल वेगळी. सोर्डचं मॉड्यूल म्हणजे एक फाइल नाही, दोन भाग असतात, मॉड्स-डॉट-डी नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटी माहितीची फाइल आणि मॉड्यूल्स नावाच्या फोल्डरमध्ये खरा मजकूर. हे विंडोजवर तेच, लिनक्सवर तेच, फोनवरही तेच. हे दोन फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि लिनक्सवर होम फोल्डरमधल्या डॉट-सोर्ड या लपलेल्या फोल्डरमध्ये टाका, झायफॉस बंद करून उघडा, सगळी पुस्तकं हजर. मी स्वतः पहिल्यांदा उलटं केलं होतं, सोर्डची झिप उघडून त्यातल्या फायली ई-सोर्डच्या फोल्डरमध्ये टाकल्या आणि अर्धा तास बघत बसलो की यादीत नाव का येत नाही. येणार कसं, त्याला ती फाइल ओळखूच येत नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की ही दोन वेगळी आहेत.

मग कन्व्हर्ट करता येत नाही का, तर येतं, पण मजकूर कन्व्हर्ट होणं आणि वचन जागेवर राहणं या दोन गोष्टी आहेत. मलाखीचं पुस्तक इंग्रजी बायबलांत चार अध्यायांचं आहे, हिब्रूत तीन. योएल उलट, हिब्रूत चार, इंग्रजीत तीन. स्तोत्रांची शीर्षकं हिब्रूत बऱ्याचदा पहिलं वचन म्हणून मोजतात आणि मग पुढचं सगळं एकने सरकतं. सोर्डच्या मॉड्यूलमध्ये माहितीच्या फाइलीतच लिहिता येतं की या पुस्तकाची वचनांची मोजणी कुठल्या पद्धतीची, आणि त्याप्रमाणे इंजिन जुळवून घेतं. घाईत कन्व्हर्ट केलेल्या फाइलीत हे बघितलं नसेल तर स्तोत्र ५१ उघडल्यावर भाष्य एका वचनाचं आणि मजकूर दुसऱ्याच वचनाचा असा प्रकार होतो, आणि तो लगेच लक्षातही येत नाही, हे जास्त वाईट. म्हणून फुकट मिळणारी मॉड्यूल कन्व्हर्ट करत बसूच नका, दुसऱ्या बाजूला तेच पुस्तक आयतं असतंच. किंग जेम्स, १९०१ ची अमेरिकन स्टँडर्ड, १८९० ची स्ट्राँगची शब्दसूची (हिब्रूचे ८६७४ नंबर, ग्रीकचे ५६२४), ही कॉपीराइट संपलेली पुस्तकं दोन्हीकडे आहेत. नव्या भाषांतरांचं मात्र प्रकाशकाने कुणाला परवानगी दिली त्यावर आहे, तुमची कुठली खास आवृत्ती लागतेच असेल तर ती कुठल्या यादीत आहे हे सिस्टिम बदलायच्या आधी बघा, नंतर नाही.

टिपांचं काय, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि लोक याच्यावरच शेवटी येतात. पुस्तकं परत डाउनलोड होतील, दहा वर्षं रोज सकाळी लिहिलेल्या टिपा होणार नाहीत. ई-सोर्डमध्ये टिपांची सोय छान आहे, वचनाला चिकटलेल्या स्टडी नोट्स वेगळ्या, डायरीसारख्या जर्नल नोट्स वेगळ्या, विषयवार टॉपिक नोट्स वेगळ्या. पण त्या सोर्डमध्ये सरळ जात नाहीत. एसक्यूलाइट असल्यामुळे फाइल उघडून मजकूर काढता येतो, पण जुन्या फाइलीत आत आरटीएफचे कोड भरलेले असतात, म्हणजे हातानेच कॉपी-पेस्ट किंवा कुणी प्रोग्रॅमिंगवाला भाचा-पुतण्या असेल तर त्याच्या डोक्याला ताप. सोर्डकडे यायचं तर इथे त्यांची बाजू लंगडी आहे हेही सांगितलं पाहिजे. पुस्तकं सगळ्या गाड्यांत एक, पण टिपा नाहीत. बायबलटाइमचे बुकमार्क बायबलटाइमचे, झायफॉसचे झायफॉसचे. पर्सनल कॉमेंट्री म्हणून एक मॉड्यूल असतं, त्यात लिहिलेलं सोर्डच्या फोल्डरमध्येच राहतं म्हणून त्यातल्या त्यात ते बरं, पण प्रत्येक गाडीत ते लिहायची सोय असेलच असं नाही. ओपन सोर्स म्हणलं की सगळं सगळीकडे चालणार असं आपण धरून चालतो, तर तसं नाही. मी आता टिपा बायबल सॉफ्टवेअरमध्ये लिहितच नाही, साध्या टेक्स्ट फाइलीत लिहितो, वर वचनाचा संदर्भ टाकतो. दिसायला गरीब आहे पण कुठल्याही सिस्टिमवर उघडतं.

आता सिस्टिम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची एक चिप) लागतं, प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो, म्हणून चांगले चालणारे जुने लॅपटॉप अचानक अडगळीत जायची वेळ आली आणि "लिनक्स टाकू का" हे विचारणारे वाढले. ही दोन्ही सॉफ्टवेअर हलकी आहेत, जुन्या मशिनवर आरामात चालतात, तेव्हा प्रश्न मशिनचा नाही. तुम्ही सोर्डवाले असाल तर डोळे झाकून लिनक्स टाका, हवं तर आधी विंडोजवरच बायबलटाइम किंवा झायफॉस टाकून महिनाभर बघा, आवडलं तर फोल्डर उचला आणि या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण एका विंडोजमध्ये ई-सोर्ड आणि सोर्ड दोन्ही सुखाने राहतात, तेव्हा हा महिना फुकट जात नाही.

ई-सोर्डवाले असाल आणि टिपा त्यातच असतील तर विंडोजवर राहा, हे मी लिनक्सवाला असून सांगतोय. वाइन म्हणून एक गोष्ट आहे जी विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवते, आणि त्यात ई-सोर्ड चालवणारे लोक आहेत, पण विनट्रिक्स या वाइनच्या मदतनीस प्रोग्रॅमने विंडोजचे हे भाग टाका, ते भाग टाका, मग फॉन्ट बघा, हिब्रू उजवीकडून डावीकडे नीट येतंय का बघा, आणि एखाद्या अपडेटनंतर परत पहिल्यापासून. द्राविडी प्राणायाम. जुन्या टिपा कधीमधी वाचायला म्हणून ठीक, रोजच्या अभ्यासाला नको. व्हर्च्युअल मशिनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) विंडोज टाकायचा पर्याय सरळ आहे, पण मग त्यातही विंडोज सांभाळायचंच आहे, जुन्या लॅपटॉपला दोन सिस्टिमचं ओझं झेपेल का तेही आहेच.

मॅकवाल्यांना एक वेगळंच. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या सिस्टिमपासून ३२-बिटचे प्रोग्रॅम मॅकवर चालत नाहीत, तेव्हा कुठली तरी जुनी डिस्क सापडली म्हणून खूश होऊ नका. बाकी ई-सोर्ड एक्स विकत किंवा एलोक्वेंट फुकट, दोन्हीपैकी काहीही.

लोगोस हे वेगळंच बायबल सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं या सगळ्याशी देणंघेणं नाही, त्यांची हजारो पुस्तकं खात्याला बांधलेली, डेस्कटॉप प्रोग्रॅम विंडोज आणि मॅकसाठी, लिनक्सवर ब्राउझरमधून किंवा परत वाइनची कसरत. अकॉर्डन्स हे तसंच दुसरं, १९९४ पासून मॅकवर आणि २०१३ पासून विंडोजवर. आणि बायबलवर्क्स, ज्याच्यावर भाषेचा अभ्यास करणारे लोक जीव टाकायचे, ते २०१८ मध्ये बंदच झालं. पैसे देऊन घेतलेलं बंद होत नाही असं कुणी म्हणालं की मला हेच आठवतं. ई-सोर्ड एका माणसावर उभं आहे ही भीतीही म्हणून खोटी नाही, सोर्डमध्ये निदान कोड कुणीतरी उचलू शकतो, कुणी उचलेल याची खात्री अर्थात कुणीच देत नाही.

लिनक्सवर पहिल्यांदा बसाल तेव्हाच्या दोन-तीन गोष्टी. मॉड्यूल प्रोग्रॅमच्या आतूनच डाउनलोड होतात, बायबलटाइममध्ये त्याला बुकशेल्फ मॅनेजर म्हणतात, आणि तिथे सुरुवातीलाच एक इशारा येतो की जिथे ख्रिस्ती असल्याबद्दल छळ होतो अशा देशात असाल आणि कुणाच्या लक्षात यायला नको असेल तर हे नेटवरून डाउनलोड करू नका. बरेच जण ती पाटी न वाचता ओके दाबतात. ती खरोखर विचार करून लावलेली आहे, अशा वेळी कुणाकडून तरी ते दोन फोल्डर पेन ड्राइव्हवर घेणंच बरं. दुसरं, शोधायला गेलात आणि प्रोग्रॅम इंडेक्स करायला सांगायला लागला किंवा शोध फारच रेंगाळायला लागला तर बिघडलं समजू नका, प्रत्येक पुस्तकाचा इंडेक्स (शोधासाठी शब्दांची सूची) आधी एकदा बनवावा लागतो, मग झटपट होतं. तिसरं फॉन्ट, हिब्रूची स्वरचिन्हं अक्षरापासून लांब पडलेली दिसली तर मॉड्यूलला दोष देऊ नका, एझ्रा एसआयएल किंवा एसबीएल हिब्रू फॉन्ट टाका आणि त्या पुस्तकाच्या सेटिंगमध्ये तो निवडा.

आणि फोनवर काय वापरता तेही एकदा बघा. अँडबायबल असेल तर तुम्ही आधीच सोर्डच्या बाजूला आहात.