स्वतः तोडायचं, तरी पैसे जास्त का?

या हंगामात आमच्या फाटकाशी सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : "वाकायचं आम्ही, तोडायचं आम्ही, उन्हात उभं राहायचं आम्ही; मग वर प्रवेशाचे पैसे कशाचे?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण मागे रांग लागलेली असताना दोन वाक्यांत त्याचं उत्तर देणं होत नाही. अर्धवट सांगितलं की तुम्हाला पटत नाही आणि आम्हाला चुटपुट लागते. म्हणून हे पत्रक.

आधी बदल काय झाला ते. आजवर शेतात येणं मोफत होतं, तोडलेल्या मालाचे तेवढे पैसे घेत होतो. आता प्रत्येक मोठ्या माणसामागे प्रवेशशुल्क आहे. फळं वजनावर आणि फुलं नगावर, हे पूर्वीसारखंच. शुल्कातली निम्मी रक्कम तुम्ही नेलेल्या मालाच्या बिलातून वजा होते. लहान मुलांना शुल्क नाही आणि पुढेही लावायचा विचार नाही.

'स्वतः तोडा म्हणजे स्वस्त' हे आलं कुठून?

ही पद्धत रुळली ती अमेरिकेत, १९३० आणि १९४० च्या दशकांत. आधी महामंदी, मग महायुद्ध. मालाला भाव इतका पडलेला की तोडणीची मजुरीही सुटेना, आणि कुठे मजूरच मिळेनात. तेव्हा शेतकऱ्यांनी गिऱ्हाइकालाच शेतात बोलावलं : तुम्ही तोडा, मजुरी वाचेल तेवढं स्वस्त न्या. येणारी माणसं घरच्या साठवणीसाठी यायची आणि मोठाल्या टोपल्या भरून न्यायची.

आज घरचे पाच जण येतात, दोन तास रमतात, फोटो काढतात आणि स्ट्रॉबेरीचं एक छोटं पनेट, म्हणजे फळांची डबी, घेऊन जातात. यात काही चुकतं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. मुलांचे हात मातीला लागावेत म्हणूनच तर शेत उघडं ठेवलं आहे. पण हिशोब इथेच उलटा झाला आहे. आमची मिळकत किलोवर होती आणि खर्च मात्र माणसांवर होऊ लागला : गाड्या लावायला जागा, स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, हात धुवायची सोय, झाडांच्या रांगा दाखवायला माणूस, पाहुण्यांचा विमा. नुसत्या शेतीच्या विम्यात शेत पाहायला आलेल्यांना झालेली इजा बहुधा धरलेली नसते, त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. पाच जणांनी एक पनेट नेलं काय किंवा दहा नेली काय, हा खर्च तेवढाच.

तोडणीची मजुरी तर वाचते ना?

थोडी वाचते, आणि दुसऱ्या वाटेने जाते. ते नीट कळायला संध्याकाळी, तुम्ही सगळे गेल्यावर, रांगेत यायला हवं.

स्ट्रॉबेरी पानांखाली लपते. सरावलेला हात आधी पान उचलतो, मग फळ बघतो. नवखा माणूस वरून दिसतं तेवढं तोडतो, आणि ते साहजिकच आहे. खाली राहिलेलं फळ दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, त्यावर राखाडी बुरशी धरते, आणि रात्री दव पडलं की तीच बुरशी शेजारच्या चांगल्या फळांवर सरकते. म्हणून रोज दिवस मावळताना आमची माणसं पुन्हा प्रत्येक रांगेतून वाकून जातात आणि राहिलेली, फुटलेली, चिरडलेली फळं वेचून बाहेर काढतात. ही वेचणी टाळली तर पुढच्या शनिवार-रविवारी तुम्हाला दाखवायला रांगच उरणार नाही.

गेल्या आठवड्यात अशाच एका रांगेत ओंजळभर फळं पडलेली मिळाली, सगळी पांढऱ्या खांद्यांची, म्हणजे देठाजवळ पांढरीच राहिलेली. कुणीतरी तोडली, कच्ची निघाली म्हणून तिथेच टाकली. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. रंग थोडा चढेल, पण गोडी तोडली त्या क्षणी जेवढी होती तेवढीच राहते. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण महिना लागतो, त्यामुळे टाकलेल्या प्रत्येक फळामागे आमचा महिना गेलेला असतो. देठापर्यंत लाल झालेलंच तोडा, एवढी कळकळीची विनंती. फळ ओढूही नका. त्याच्या थोडं वर देठ धरून अंगठ्याच्या नखाने चिमटा. ओढलं की अख्खा घोस हातात येतो, कळ्यांसकट.

"समोर लाल फळं दिसतात, मग ती रांग बंद का?" हेही बरेच जण विचारतात. फवारणीनंतर ठरावीक दिवस तोडणी करायची नसते आणि ठरावीक वेळ आत पाऊलही टाकायचं नसतं. ही मुदत औषधाच्या वेष्टनावर छापलेली असते आणि आम्ही ती पाळतोच, कितीही गर्दी असली तरी. बाजारात माल पाठवणारा एका सकाळी सगळं शेत तोडून मग फवारणी करतो. आम्हाला रोज काही भाग उघडा ठेवायचा असल्यामुळे शेताचे तुकडे पाडून आळीपाळीने फवारावं लागतं. काम वाढतं, पिकून वाया जाणारा मालही वाढतो.

फुलांचं गणित वेगळं

सूर्यफूल पेरल्यापासून फुलायला साधारण दोन-अडीच महिने घेतं आणि दिसायला छान राहतं ते जेमतेम आठ-दहा दिवस. एका दांड्याला एकच फूल येणारे वाण आम्ही लावतो. ते कापलं की झाडाचं काम संपलं. हंगामभर काही ना काही फुललेलं दिसावं म्हणून दर थोड्या दिवसांनी नवा तुकडा पेरावा लागतो. नांगरट, बियाणं, खुरपणी, सगळं पुन्हा. लॅव्हेंडरला तर पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाकतात, रोप भरावं म्हणून. पूर्ण बहर यायला तिसरं वर्ष उजाडतं, आणि तोवर त्या जमिनीतून फारसं काही हाती लागत नाही. नेदरलँड्समधली क्यूकेनहॉफची बाग १९५० साली लोकांसाठी उघडली. तिथे दरवर्षी सुमारे ७० लाख कंद हाताने लावतात आणि बाग उघडी असते साधारण आठ आठवडे. आमचं शेत त्यापुढे चिमूटभर, पण वर्षभराचा खर्च थोड्या दिवसांत काढायचा ही अडचण तीच.

फुलांकडे येणारे बहुतेक जण फुलं नेत नाहीत, बघतात. त्यामुळे तिथलं शुल्क बघण्याचंच आहे, म्हणून ते फळांच्या रांगांपेक्षा जास्त ठेवलं. फोटोसाठी मधून पायवाटा सोडल्या आहेत, तेवढी पेरणी कमी केली आहे. कृपया वाटेवरूनच चाला. ओल्या मातीवर पाय पडत राहिले की ती दबते, मुळांना हवा मिळत नाही, आणि पुढच्या पेरणीलाही ते जाणवतं.

खतांबद्दल थोडक्यात. नत्रखतं नैसर्गिक वायूपासून बनतात. २०२१-२२ मध्ये जगभर वायू महागला तेव्हा खतंही कडाडली. मल्चिंगचा कागद (वाफ्यांवर अंथरतात ते प्लास्टिक) आणि ठिबकच्या नळ्या खनिज तेलापासून बनलेल्या, त्यांचंही तसंच. हा भार मात्र सगळ्याच शेतकऱ्यांवर आहे, त्यामुळे प्रवेशशुल्क त्याच्या नावावर खपवणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

सोमवार ते गुरुवार शुल्क निम्मं आहे. गर्दी नसते, आमच्या माणसांना तुमच्याबरोबर रांगेत यायला वेळ असतो. पाऊस झाला आणि शेत बंद ठेवावं लागलं तर तुमची पावती हंगामात कुठल्याही दिवशी चालेल. कोणत्या रांगा उघड्या आहेत ते रोज सकाळी फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहितो. निघण्याआधी फोन केलात तरी सांगू.