निसटलेलं वर्ष

माझ्या टेबलासमोर भिंतीवर एक तुर्की दिनदर्शिका टांगलेली आहे. मूळ नव्हे, छापील प्रत. दीड हात लांब, वीतभरही रुंद नसलेली पट्टी. वरच्या टोकाला फुलापानांची कमान, खाली लाल-निळ्या शाईत बारीक घरं आणि घरांमध्ये अरबी लिपीतले आकडे. मुळात रेघा सोन्याच्या असणार. छापताना सोनं उतरत नाही, त्याचा शेवाळी-पिवळा होतो, पण तेवढं चालतं. फ्रेमवाल्याने ही पट्टी चक्क उलटी बसवून दिली होती आणि घरात महिनाभर कोणाला पत्ता नव्हता. शेवटी चोरी उघडकीला आली ती सात-आठमुळे. अरबी आकड्यांत सात म्हणजे वर तोंड केलेली पाचर, आणि आठ म्हणजे तीच पाचर पालथी. माझ्याकडच्या रकान्यात मोजत गेलं तर आठ आधी येई आणि सात मागून.

तेव्हापासून या पट्टीकडे मी शोभेची वस्तू म्हणून पाहू शकलेलो नाही. अशा प्रती हल्ली 'ऑटोमन कॅलिग्राफी' म्हणून दिवाणखान्यांसाठी विकल्या जातात. पण ही नक्षी नाही, हा कोष्टकांचा कागद आहे.

तुर्कीत याला रूझनामे म्हणतात. आपला 'रोजनामा' तोच, फारसीतून इकडे आलेला. फक्त आपण तो कोर्टाच्या कामकाजाला लावला. पंधराव्या शतकात इस्तंबूलमध्ये शेख वेफा नावाचे सूफी होऊन गेले (मृत्यू १४९१). त्यांच्या नावाचा रूझनामे पुढे कित्येक पिढ्या नकलून घेतला जात होता. याचं वैशिष्ट्य असं, की तो एका वर्षाचा नाही. एकदा विकत घ्यायचा आणि नातवापर्यंत वापरायचा.

एकच कागद कायम कसा चालेल? हिजरी वर्ष शुद्ध चांद्र. बारा चांद्रमास म्हणजे सरासरी ३५४.३६७ दिवस. पूर्ण दिवसांत हिशेब बसवायचा तर काही वर्षं ३५४ दिवसांची आणि काही ३५५ दिवसांची धरावी लागतात. मुस्लिम खगोलवेत्त्यांची नेहमीची रीत ३० वर्षांची: त्यांतली ११ वर्षं मोठी. फार अचूक रीत आहे, अडीच हजार वर्षांत कुठे एक दिवस चुकतो. पण ३० वर्षांत १०,६३१ दिवस होतात आणि त्यांना ७ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणजे चक्र पुन्हा सुरू झालं तरी वार जुळत नाहीत. ते जुळायला २१० वर्षं थांबावं लागतं. एवढं कोष्टक पट्टीवर मावायचं कसं?

तुर्की रूझनाम्यांनी यावर तोड काढली ती ८ वर्षांच्या चक्राची. पाच वर्षं ३५४ दिवसांची, तीन वर्षं ३५५ ची. बेरीज २,८३५ दिवस, म्हणजे नेमके ४०५ आठवडे. आठ वर्षांनी वारांसकट सगळं जागेवर. मग आठ वर्षांना आठ अक्षरं, बारा महिन्यांना बारा अक्षरं, प्रत्येक अक्षराला एक ते सातमधली किंमत. चालू वर्षाचं अक्षर आणि महिन्याचं अक्षर यांची बेरीज करा, सातापेक्षा जास्त झाली तर सात टाका, उरलेल्या अंकावरून महिन्याच्या पहिल्या तारखेचा वार काढा. दुकानदारालाही तोंडी जमेल. किंमत मोजावी लागली ती अचूकतेत: हे चक्र खऱ्या चंद्रापेक्षा दर आठ वर्षांनी साधारण दीड तासाने लांबतं, सव्वाशे वर्षांत एक दिवस मागे पडतं. मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो. सव्वाशे वर्षांनी तक्रार करायला कोण येणार?

दरबाराला मात्र दरवर्षी ताजं पंचांग लागे. तक्विम म्हणतात ते हे. ते करायचं काम म्युनेज्जिमबाशीचं, म्हणजे मुख्य ज्योतिष्याचं, आणि ते सुलतानाला पेश व्हायचं नवरोजला, २१ मार्चच्या सुमारास. त्यात ग्रहस्थिती असे, ग्रहणं असत आणि अर्थात भाकितंही. जहाज पाण्यात कधी लोटावं, मोहिमेवर कधी निघावं, सगळ्याला मुहूर्त. त्या शुभघडीला 'एश्रेफ सात' म्हणत (हा 'सात' आकडा नव्हे, तुर्कीतला तास). तुर्की बोलण्यात हा शब्द अजून आहे. वडील चांगल्या मूडमध्ये असण्याची वाट पाहणारा मुलगा त्यांची एश्रेफ सात शोधत असतो.

ही गणितं १८०० पर्यंत समरकंदचा खगोलवेत्ता सुलतान उलुघ बेग याच्या ग्रहगतीच्या सारण्यांवरून होत. म्हणजे साडेतीनशे वर्षं जुन्या निरीक्षणांवरून. मध्यंतरी १५७७ मध्ये तकीउद्दीन या खगोलवेत्त्याने इस्तंबूलमध्ये वेधशाळा उभारली होती, त्याच सारण्या दुरुस्त करायला. १५८० मध्ये ती पाडून टाकली गेली. दुरुस्ती व्हायला मग १८०० उजाडलं. तेव्हापासून पंचांग फ्रेंच खगोलवेत्ता झाक कासिनी याच्या सारण्यांवरून होऊ लागलं.

पण खरी गंमत ज्योतिषात नाही, खजिन्यात आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. शेतसारा पिकावर, म्हणजे सूर्यावर. जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खड्या पायदळातल्या शिपायांचा पगार दर तीन चांद्र महिन्यांनी. बत्तीस हंगामांत तेहतीस हिजरी वर्षं बसतात. म्हणजे दर बत्तीस-तेहतीस वर्षांनी एक पगारी वर्ष असं येतं, ज्याच्यामागे पीकच नाही! जमाखर्चाच्या वह्यांत अशा वेळी एक सन सरळ गाळायचा, त्याला 'सिविश' वर्ष म्हणत: निसटलेलं, हळूच काढता पाय घेतलेलं. वहीत सन निसटतो, शिपायाचा पगार निसटत नाही. बराकीतल्या बंडाळ्यांमागे इतर कारणंही होतीच, पण हा फटका दर पिढीला ठरलेला.

हीच अडचण आपल्याकडे शुहूर सनाने सोडवली होती. पेशवे दफ्तर चाळणाऱ्यांना तो ओळखीचा: आकडा हिजरीचा, वर्ष मात्र सौर, मृगापासून सुरू. १३४४ मध्ये हिजरीशी जुळलेला हा सन पुढे सूर्याच्या चालीने चालत राहिला, एकही वर्ष न गाळता. म्हणून पानिपतच्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ ला, हिजरी सन ११७४ होता आणि मराठी कागदांवर 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१. तेरा वर्षांचं अंतर.

तुर्कांनी १८४० मध्ये असाच सन सरकारी कारभाराला लावला: रूमी सन. आकडा हिजरी, महिने ज्युलियन (म्हणजे युरोपच्या जुन्या, आजच्यापेक्षा मागे चालणाऱ्या पंचांगाचे), वर्षारंभ १ मार्च. १३ मार्च १८४० म्हणजे १ मार्च १२५६. निसटतं वर्ष गाळायची शिस्त मात्र इथे पाळायची होती. रूमी १२८७ नंतर थेट १२८९ यायला हवं होतं, कारण हिजरी १२८८ त्याच वर्षाच्या पोटात सुरू होऊन संपलं. पण १२८८ गाळायचं राहून गेलं आणि दोन सनांची फारकत झाली ती कायमची.

परिणाम पाहायचा तर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या फाडायच्या कॅलेंडरचं एखादं पान घ्यावं. त्याही पानांच्या प्रती आता फ्रेममध्ये मिळतात, आणि त्या मला पट्टीपेक्षा जास्त आवडतात. तळहाताएवढ्या कागदावर तुर्की, ग्रीक, आर्मेनियन, हिब्रू, बल्गेरियन, फ्रेंच अशा भाषा दाटीवाटीने. इस्तंबूलमधला एक दिवस घेऊ: मंगळवार, १३ एप्रिल १९०९. रूमी तारीख ३१ मार्च १३२५. हिजरी २२ रबिलावल १३२७. ग्रीक शेजाऱ्याची ३१ मार्च १९०९. ज्यू शेजाऱ्याची २२ निसान ५६६९. हिजरी आणि ज्यू तारखेत दोन्हीकडे बावीसच, कारण दोघंही चंद्राकडे पाहतात. त्याच दिवशी राजधानीत सैन्याने उठाव केला. तुर्की इतिहासात तो आजही 'एकतीस मार्चची घटना' म्हणून ओळखला जातो, आणि एप्रिलमधल्या घटनेला मार्च का म्हणतात, हे तिथल्या शाळकरी पोरांना समजावून सांगावं लागतं.

याशिवाय एक मोजणी शेतकऱ्या-कोळ्यांची. त्यांचं वर्ष दोनच भागांचं: ६ मेपासून हिझिरचे १८६ दिवस, ८ नोव्हेंबरपासून कासिमचे १७९. बेरीज ३६५. वरचा उठाव झाला तो कासिमच्या १५७व्या दिवशी. कासिमच्या १०५व्या दिवशी, २० फेब्रुवारीच्या आसपास, पहिला 'जेम्रे' पडतो, म्हणजे निखारा: आधी हवेत, आठवड्याने पाण्यात, आणखी आठवड्याने जमिनीत, आणि थंडी उतरते. भौतिकशास्त्राला निखारा मान्य नाही, पण क्रम बघा: आधी हवा तापते असा लोकांचा अनुभव, आणि मग माती.

घड्याळ तर आणखी तऱ्हेवाईक. सूर्यास्ताला बारा वाजायचे, रोज. इस्तंबूलला दिवस हिवाळ्यात नऊ तासांच्या जरा वर आणि उन्हाळ्यात पंधरा तासांचा, म्हणजे सूर्यास्त सारखा सरकणार आणि घड्याळ सारखं लावावं लागणार. त्यासाठी मोठ्या मशिदींना लागून मुवक्कितहाने असत. तिथला वेळपाल सूर्याची उंची मोजून वेळ सांगे आणि लोक जाता-येता खिशातली घड्याळं जुळवून घेत.

१९१७ मध्ये ज्युलियन महिन्यांचे तेरा दिवस एकदम गाळले गेले: १५ फेब्रुवारी १३३२ च्या दुसऱ्या दिवशी १ मार्च १३३३. सन तेवढा जुना राहिला. तोही गेला १९२६ मध्ये. ३१ डिसेंबर १३४१ ला झोपलेला देश १ जानेवारी १९२६ ला उठला, आणि त्याच वेळच्या कायद्याने घड्याळही मध्यरात्रीपासून चोवीस तास मोजू लागलं. कासिम मात्र टिकला. १९४५ मध्ये महिन्यांची जुनी नावं बदलली, तेव्हा नोव्हेंबरला त्याचंच नाव मिळालं.

माझी पट्टी आता सुलटी टांगली आहे. मूळ अठराव्या शतकाच्या मध्याचं, म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षं जुनं. सव्वाशे वर्षांत एक या दराने चूक दोन दिवसांची निघायला हवी. यंदा अक्षरांची बेरीज करून शव्वालची पहिली तारीख, म्हणजे ईद, काढली. खालच्या गल्लीत शिरखुर्मा वाटून झाला होता, आणि माझ्या भिंतीवर रमजानचे दोन रोजे अजून शिल्लक होते.