लोकर आटते, बाटली आटत नाही

सॅन फ्रान्सिस्कोची रोथीज नावाची कंपनी २०१६ पासून बायकांचे सपाट बूट विकते. आपल्याकडे दुकानात ‘बेली’ म्हणून मागतात, तसले. वरचा भाग कापून शिवलेला नसतो, विणलेला असतो, आणि तोही पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या वितळवून काढलेल्या धाग्याने. मळले की आतला सोल काढायचा आणि बूट थंड पाण्यात, मशीनच्या नाजूक कपड्यांच्या फेरीला लावायचे. याच बुटांत मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर मिसळलेला प्रकारही निघाला, तोही धुता येणारा. अमेरिकेत राहणाऱ्या भाचीने विचारलं, “मावशी, यातले कुठले घेऊ?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता निकालही दिला: “लोकर नॅचरल, म्हणजे तीच बरी ना?”

बाटलीचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. बाटलीचं प्लास्टिक म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, थोडक्यात पेट. टेरिलीन, पॉलिएस्टर म्हणून आपण जे कापड ओळखतो, तेच हे रसायन. व्हिनफिल्ड आणि डिक्सन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी ते १९४१ मध्ये शोधलं ते धाग्यासाठी. त्याच्या बाटलीचं पेटंट नॅथॅनियल वायथ यांना मिळालं १९७३ मध्ये. तेव्हा ‘बाटलीपासून धागा’ यात जाहिराती सांगतात तेवढा चमत्कार नाही. पेट आपल्या मूळ धंद्याला परत लागतं, इतकंच. बाटल्या निवडायच्या, त्यांचा चुरा करायचा, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन लेबलाचा डिंक काढायचा, चुरा कडकडीत वाळवायचा आणि २८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून बारीक भोकांतून दाबून काढायचा. वाळवण्यात हयगय चालत नाही. त्या तापमानाला उरलेलं पाणी पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं आणि धागा कच्चा निघतो. बाटलीच्या पेटमधल्या साखळ्या कापडाच्या पेटपेक्षा मुळात लांब असतात, म्हणून थोड्या तुटल्या तरी काम भागतं.

असा धागा म्हणजे काचेच्या सळईसारखा गुळगुळीत. पाणी पीत नाही, फुगत नाही, शेजारच्या धाग्यात अडकत नाही. तो धुता येतो यात सांगण्यासारखं काहीच नाही. खरी गंमत लोकरीची आहे. गरम पाण्यात घातलेला स्वेटर धाकट्या भावाला बसेल एवढा होतो हे घराघरात ठाऊक आहे. मग लोकरीचा बूट मशीनमधून मापात कसा बाहेर येतो?

त्यासाठी आधी स्वेटर का आटतो ते बघू. एक प्रयोग करा. डोक्याचा एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे चोळा. केस चिमटीतून एकाच बाजूला सरकू लागेल. तो नेहमी मुळाकडचं टोक पुढे करून सरकतो. केस उलटा धरा, सरकण्याची दिशाही उलटेल. तुम्ही दोन्ही दिशांना सारखंच चोळत असता, तरी तो एकीकडेच जातो. कारण केसावर, तसंच लोकरीच्या तंतूवर, एकावर एक चढलेले खवले असतात आणि त्यांची मोकळी कड टोकाकडे वळलेली असते. टोकाकडे जाणारं बोट खवल्यांवरून निसटतं. मुळाकडे येणारं बोट कडांना अडतं आणि केसाला सोबत ओढतं.

गवतातून चालताना साडीच्या काठात किंवा पायजम्यात घुसलेलं कुसळ आठवा. पाय कसाही हलवा, ते आतच शिरतं. मशीनच्या ढवळण्यात लोकरीचे हजारो तंतू एकाच वेळी कुसळ होतात. प्रत्येक तंतू मुळाच्या दिशेने पुढे घुसतो, शेजाऱ्याच्या खवल्यात अडकतो, मागे येऊ शकत नाही. त्यातच पाणी पिऊन तंतू जाडीला सुमारे १६ टक्के फुगतो, लांबीला मात्र जेमतेम वाढतो. ओला तंतू लवचिकही होतो: ताणला जातो, पुढे अडकतो आणि आखडताना आख्खी वीण गोळा करून आणतो. साबणाचं अल्कधर्मी पाणी खवल्यांच्या कडा आणखी उचलतं. म्हणून आटलेला स्वेटर ओढून मोठा होत नाही. ते आखडणं नसतं, ती गुंतवळ असते, आणि प्रत्येक गाठ एकाच दिशेने घट्ट होत जाणारी.

या खवल्याच्या कडेची उंची एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, कमी. सारा खेळ तेवढ्या पायरीचा. पायरी बुजवली की लोकर आटायची थांबते. ‘सुपरवॉश’, म्हणजे मशीनमध्ये धुता येणाऱ्या, लोकरीत हेच करतात. पहिल्या टप्प्यात लोकर क्लोरीनच्या सौम्य द्रावणातून नेतात. तंतूच्या सर्वांत बाहेरच्या पापुद्र्यावर १८-मिथाइल-आयकोसानोइक नावाच्या मेदाम्लाचा थर गंधकाच्या बंधाने प्रथिनाला चिकटलेला असतो, आणि त्यामुळेच मेंढीच्या अंगावरून पाणी ओघळून जातं. क्लोरीन हा बंध तोडतं, मेदाचा थर उडवतं, खाली केरॅटिन या लोकरीच्या प्रथिनातल्या गंधक-गंधक जोड्यांचं ऑक्सिडीकरण करून तिथे ऋणभारित गट उघडे पाडतं. दुसऱ्या टप्प्यात धनभारित गट असलेलं पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रिन हे रेझिन येतं. ते त्या ऋणभारांना धरून पृष्ठभागावर पसरतं आणि पाण्यात फुगून खवल्यांच्या कडा झाकतं. एवढी रसायनं डोक्यावरून गेली तर एकच लक्षात ठेवा: मशीनमध्ये धुता येणारी ही ‘नॅचरल’ लोकर धुता येते, कारण तिच्यावर प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला असतो.

बुटात आणखी दोन गोष्टी मदतीला असतात. लोकरीत पेटचा धागा मिसळला की खवले नसलेले तंतू मध्ये येतात, कुसळांना अडकायला जागा कमी मिळते. शिवाय बुटाची वीण घट्ट, खाली सोलला बांधलेली. तंतूंना हिंडायला वावच नसतो. भाचीचा प्रश्न लोकर की प्लास्टिक असा होता. खरं तर तो थोडं प्लास्टिक की पूर्ण प्लास्टिक असा आहे.

लोकरीच्या नैसर्गिकपणाचं वेड जुनंच. जपाला लोकरीचं आसन का, तर म्हणे लोकर विद्युतरोधक, शरीरातली ऊर्जा जमिनीत वाहून जाऊ देत नाही; आणि याला ‘विज्ञान’ म्हणून पुढे पाठवतात. पेट हवेतली आर्द्रता जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे दमट हवेत ते लोकरीहून कितीतरी चांगलं विद्युतरोधक असतं. या हिशेबाने पॉलिएस्टरचं आसन अधिक पुण्याचं ठरायला हवं. लोकर बूड उबदार ठेवते, हे कारण पुरेसं आहे.

पाणी पिण्याच्या या फरकावरच पायाचं सुख ठरतं. बाष्पाने भरलेल्या हवेत १०० ग्रॅम कोरडी लोकर ३० ग्रॅमच्या वर पाणी आत घेते आणि हाताला तरी ओली लागत नाही. पेट एक ग्रॅमही घेत नाही. मोजे न घालता बूट वापरले तर लोकरीत पाय कमी चिकचिकतो. वासाचंही तसंच. पायाच्या घामातल्या ल्यूसिन या अमिनो आम्लापासून त्वचेवरचे जिवाणू आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात, कुबट वासाचा मोठा वाटा त्याचा. लोकर असे रेणू आत ओढून धरते. पेटवर ते पृष्ठभागावरच राहतात आणि कपाट उघडलं की भेटतात. टोचण्याची भीती मात्र नको. तंतू ३० मायक्रॉनच्या वर गेला की त्याचं ताठ टोक त्वचेला बोचतं, आपल्या दख्खनी मेंढीची घोंगडी बोचते ती त्यामुळे. मेरिनो २० च्या आसपास असते.

जे सहज पाणी पितं ते वाळायला वेळ घेतं. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत हे चालून जातं; जुलैत मुंबईत लोकरीचा बूट धुतला तर दोन दिवस पंख्याखाली ठेवा. झीजही वेगळी. मिश्र विणीवर टाचेपाशी गोळे धरतात, आणि पेटचे चिवट तंतू ते गोळे सोडत नाहीत. नुसत्या लोकरीचे गळून तरी जातात. प्लास्टिकचा बूट धुताना सूक्ष्म तंतू पाण्यात जातात हा आक्षेप खरा आहे, मिश्र बुटालाही तो लागू आहे. शिवाय बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. सोल आणि डिंक चिकटलेल्या बुटाची पुन्हा बाटली होत नाही.

तर भाचीला सांगितलं ते असं. रोज घालणार, दर आठवड्याला धुणार, तर बाटलीवाले घे. ती शिकागोत राहते, हिवाळा लांबलचक, धुणं क्वचित. तिला मिश्र लोकरीचे बरे पडतील. ड्रायर दोन्हींना नको, उष्णतेने लोकर आखडते आणि सोलचा डिंकही सुटू शकतो. लोकरीला साधी कपड्यांची पावडर नको, ती अल्कधर्मी असते. त्यात बहुधा प्रोटिएज हे विकरही असतं. ते प्रथिनाचे डाग पचवण्यासाठी घातलेलं असतं आणि लोकर हेही प्रथिनच. पेटला ते ढुंकूनही बघत नाही. शाली रिठ्याच्या पाण्यात धुवायची आपली जुनी रीत इथे चोख बसते: रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी, फेस भरपूर, विकर नाही. शिकागोत भारतीय किराणा दुकानात रिठे मिळतात. मात्र उकळून, गाळून आणि पूर्ण गार करूनच वापरायचे.