हिरेपारख

हिरेपारख : सुट्या, म्हणजे कोंदणात न बसवलेल्या हिऱ्याचा खरेपणा, प्रत आणि मोल ठरवण्याची विद्या. संस्कृत ग्रंथांत ती ‘वज्रपरीक्षा’ (वज्र म्हणजे हिरा) या नावाने येते. हिरा सुटाच पाहावा हा आग्रह जुना आहे आणि योग्य आहे. पिवळ्या सोन्यात खड्याची पिवळसर झाक लपते, खडा धरणाऱ्या नखीखाली कडेचा तडा दडतो, बंद कोंदणात मागे वर्ख असेल तर दिसणारे पाणी उसने असते, आणि वजन अंदाजानेच धरावे लागते.

सर्वांत जुने तपशीलवार वर्णन कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असला, तरी उपलब्ध पाठ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाला, हे मत आता अधिक मान्य आहे. त्यातील ‘सभाराष्ट्रक’ हिरा म्हणजे विदर्भातला, असा अर्थ टीकापरंपरेत सांगितला जातो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (इ. स. सहावे शतक) वेणा नदीकाठचा हिरा शुद्ध आणि शूर्पारकाचा काळा म्हटला आहे. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा. तेथे खाण असण्याचा संभव नाही. बंदरात विकल्या जाणाऱ्या मालाला बंदराचे नाव पडले असावे. वेणेबद्दल मात्र एकमत नाही. काहींच्या मते ती कृष्णेच्या खोऱ्यातली, तर काहींच्या मते विदर्भातली वैनगंगा. कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या पुढील काळातल्या खाणी पहिल्या मताला बळ देतात. दुसऱ्या पक्षाचा आधार गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड हा आहे. तेथील हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आइन-इ-अकबरीत आढळतो, आणि हे स्थळनाम ‘वज्र’ शब्दाशी जोडले जाते. केवळ नामसाम्यावर भर देणे धोक्याचे असले, तरी सभाराष्ट्रकाचा विदर्भपर अर्थ लक्षात घेता वैनगंगेचा दावा सहज बाजूला सारता येत नाही.

जुन्या कसोट्या अखंड स्फटिकासाठी होत्या, पैलू पाडलेल्या खड्यासाठी नव्हेत. अर्थशास्त्राला हिरा जड, समान कोनांचा, भांड्यावर ओरखडा काढणारा आणि घाव सोसणारा हवा. बृहत्संहितेला तो हलका आणि पाण्यावर तरणारा हवा. हिऱ्याची घनता पाण्याच्या सुमारे ३·५२ पट आहे, त्यामुळे तो तरणे शक्य नाही. हिऱ्याचा पृष्ठभाग पाण्याने सहसा भिजत नाही, त्या गुणाचा हा अतिशयोक्त पडसाद असावा. घावाची कसोटी तर घातकच. ऐरणीवर टिकतो तो खरा, हा दृष्टांत तुकारामांच्या अभंगामुळे मराठी मनात पक्का बसला आहे. पण हिरा कठीण असला तरी ठरावीक प्रतलांत दुभंगतो, आणि घणाखाली खऱ्या हिऱ्याचाही चुरा होतो.

मोलाविषयी बृहत्संहितेचे कोष्टक आजही वाचण्यासारखे आहे. २० तंडुल (तांदळाच्या दाण्यावरून आलेले जुने माप) वजनाच्या हिऱ्याला २ लक्ष नाणी, १० तंडुलांच्या हिऱ्याला त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ४० हजार, आणि २ तंडुलांना फक्त २००. सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने वजनाच्या वर्गाच्या (वजन गुणिले वजन) पटीत किंमत धरण्याचा नियम दिला, त्यापेक्षा ही चढण अधिक तीव्र आहे. एक कॅरटच्या हिऱ्यापेक्षा अर्ध्या कॅरटचे दोन हिरे स्वस्त का पडतात, याचे उत्तर याच तत्त्वात आहे. पूर्ण आकड्याला बाजार जादा मोजतो. म्हणून ०·९५ कॅरटचा, नीट पैलूंचा खडा डोळ्याला तेवढाच दिसतो आणि कमी पैशांत मिळतो. मेट्रिक कॅरट (२०० मिलिग्रॅम) १९०७ मध्ये ठरला. त्यापूर्वीचे कॅरट गावोगाव वेगळे होते आणि गुंजेचे वजनही एकसारखे नसे, म्हणून जुन्या दागिन्यांच्या नोंदींतील वजने जशीच्या तशी घेऊ नयेत.

सध्याची प्रतवारी मुख्यतः जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका (जीआयए, स्थापना १९३१) या संस्थेच्या पद्धतीवर चालते. रंग ‘डी’ (रंगहीन) ते ‘झेड’ (पिवळसर) असा मोजतात, निर्मळपणा दहापट भिंगातून. रंग पाहताना खडा पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटा ठेवून बाजूने पाहावा, कारण समोरून चमक रंग झाकते. मात्र चमक बहुतांशी पैलूंच्या प्रमाणावर अवलंबून असते. वजन राखण्यासाठी खोल ठेवलेला खडा वरच्या प्रतीच्या रंगाचा असूनही मंद दिसतो, आणि ग्राहक नेमके याच बाबीकडे दुर्लक्ष करतो.

प्रमाणपत्र खड्याचे असते, दुकानाचे नव्हे. अनेक खड्यांच्या कडेवर लेसरने क्रमांक कोरलेला असतो. तो भिंगातून वाचून प्रमाणपत्राशी आणि संस्थेच्या संकेतस्थळाशी ताडावा. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा रासायनिक दृष्ट्या हिराच असतो. तो नुसत्या भिंगाने किंवा उष्णतावाहकता तपासणाऱ्या साध्या उपकरणाने खात्रीने ओळखता येत नाही. त्या उपकरणाला मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही चकवतो, पण त्याचे दुहेरी अपवर्तन भिंगातून तिरपे पाहिल्यास मागच्या कडांच्या दुहेरी रेषांवरून उघड होते. तडे काचेसारख्या द्रव्याने भरलेला हिरा घेऊ नये. दुरुस्तीच्या वेळी सोनाराच्या ज्योतीने ते भरण बिघडते आणि तडा पुन्हा दिसू लागतो.

मुंबईच्या हिरेबाजारात माल पसंतीसाठी ‘जांगड’ने देण्याची रीत आहे. पसंत पडेपर्यंत मालकी देणाऱ्याचीच राहते, आणि माल कागदाच्या पुडीत, वजन लिहून, चिठ्ठीसह हातोहात जातो.