८००९ पोर्टामागचा इतिहास: अपाचे आणि टॉमकॅट कसे जोडले गेले

टॉमकॅट म्हणजे जावातली वेब-अॅप्लिकेशन चालवणारा सर्व्हर. जुन्या टॉमकॅटची सर्व्हर डॉट एक्सएमएल ही सेटिंगची फाइल उघडली की ८०८० या वेब पोर्टाच्या खाली ८००९ ची एक ओळ दिसते. फोंड्याला आमच्याकडे फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून प्रशिक्षणाला आलेल्या मुलीने अशीच एक फाइल नव्या सर्व्हरवर हलवताना विचारलं, "सर, साइट तर एचटीटीपीएसच्या ४४३ वर चालते, मग हे ८००९ कुणासाठी?" तिला नीट उत्तर द्यायचं तर पंचवीस-तीस वर्षं मागे जावं लागतं.

अपाचे वेब सर्व्हर १९९५ मध्ये आला. पान बदलतं हवं असेल तर तेव्हा सीजीआय, म्हणजे विनंती आली की बाहेरचा प्रोग्रॅम चालवणं, हाच मुख्य मार्ग होता, आणि त्यात प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस सुरू व्हायची. जावासाठी हे परवडणारं नव्हतं, कारण जावाचा प्रोग्रॅम चालवणारं व्हर्च्युअल मशीन उठायलाच वेळ लागतो. म्हणून १९९७ च्या सुमारास सर्व्हलेट, म्हणजे विनंतीला उत्तर देणारे जावा प्रोग्रॅम, आले: जावाची प्रोसेस कायम जागी ठेवायची आणि विनंत्या तिच्याकडे पाठवायच्या. पण पाठवायच्या कशा? अपाचे सी भाषेत लिहिलेला, सर्व्हलेटचं इंजिन जावात. अपाचे जेसर्व्ह या प्रकल्पाने मधला दुवा म्हणून मॉड-जेसर्व्ह हे मॉड्यूल आणि एजेपी (अपाचे जेसर्व्ह प्रोटोकॉल) ही बोलण्याची ठरावीक पद्धत दिली. नावातला 'जे' जेसर्व्हचाच आहे. टॉमकॅटमधली ८००९ ची ओळ याच एजेपीसाठी असते. पुढे सन मायक्रोसिस्टम्सने आपलं सर्व्हलेट इंजिन अपाचेला दिलं, १९९९ मध्ये टॉमकॅट ३.० आला, आणि मॉड-जेसर्व्हची जागा मॉड-जेकेने घेतली.

मॉड-जेकेबरोबर एजेपी १.३ रुळला. आधीच्या १.२ मध्ये दर विनंतीला नवं कनेक्शन लागायचं. १.३ मध्ये एकदा उघडलेलं कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरता आलं. माझ्या मते त्या काळातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच.

हा प्रोटोकॉल बाइटमध्ये पाहण्यासारखा आहे. अपाचेकडून निघणारं पॅकेट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) १२ ३४ ने सुरू होतं, मग दोन बाइट लांबी, मग ०२ म्हणजे 'विनंती पुढे पाठवतो आहे', आणि त्यानंतर पुन्हा ०२, म्हणजे पान मागण्याची 'गेट' ही पद्धत. होस्ट हा हेडर (विनंतीसोबतची माहितीची ओळ) शब्दात जातच नाही, ए०-०बी हे दोन बाइट जातात. कुकीसाठी ए०-०९. पॅकेट साधारणपणे ८१९२ बाइटच्या आत. गंमत अशी की कोड आधी चालू झाला आणि त्याचं वर्णन नंतर लिहिलं गेलं. डॅन मिलस्टीन यांनी डिसेंबर २००० मध्ये ते लिहिलं आणि बायनरी रूप बहुधा वेगासाठी निवडलं असावं, असा अंदाज नोंदवला.

वेगाइतकंच दुसरं कारणही महत्त्वाचं होतं. वापरणाऱ्याचा खरा आयपी पत्ता, कनेक्शन एसएसएलवर आहे का, अपाचेने ओळख पटवलेली असेल तर वापरणाऱ्याचं नाव, हे सगळं एजेपी स्वतःच टॉमकॅटपर्यंत पोचवतो, आणि टॉमकॅट त्यावर विश्वास ठेवतो (नावावर मात्र तसं सांगून ठेवलं असेल तरच). पलीकडे आपलाच वेब सर्व्हर आहे, हे त्यात गृहीतच धरलेलं. सर्व्हरच्या खोलीत दोन मशीन शेजारी असण्याच्या दिवसांत ते चालून गेलं.

मधल्या काळात मॉड-जेके२ आलं आणि २००४ मध्ये सोडून दिलं गेलं. २००५ अखेरच्या अपाचे २.२ मध्ये मॉड-प्रॉक्सी-एजेपी सोबतच मिळू लागलं, त्यामुळे वेगळं मॉड्यूल बांधायचा त्रास गेला. तरी मॉड-जेके टिकून राहिलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये मात्र 'पलीकडे आपलाच सर्व्हर' हे गृहीतक अंगलट आलं. 'घोस्टकॅट' म्हणून ओळखली गेलेली त्रुटी जाहीर झाली. ८००९ पर्यंत पोचणारा कुणीही विनंतीसोबत हवे ते गुणधर्म पाठवून अॅप्लिकेशनमधल्या फाइली, अगदी बाहेरून न दिसणाऱ्या वेब-इन्फ फोल्डरमधल्यासुद्धा, वाचू शकत होता. अॅप्लिकेशनमध्ये फाइल अपलोडची सोय असेल तर कोडही चालवू शकत होता. त्यात एजेपीचा कनेक्टर, म्हणजे ८००९ वर ऐकणारा भाग, मुळातच चालू असायचा आणि मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकायचा. टॉमकॅट ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० पासून ती मूळ मांडणी बदलली: ओळ कॉमेंटमध्ये, म्हणजे बंद, गेली, पत्ता लूपबॅकवर, म्हणजे त्याच मशीनपुरता, आला आणि गुप्त शब्द सक्तीचा झाला. तो न देता कनेक्टर चालू केला तर तो सुरूच होत नाही. म्हणूनच जुनी फाइल जशीच्या तशी नव्या टॉमकॅटवर ठेवली की साइट बंद पडते, आणि माणूस उगाच फायरवॉलमध्ये शोधत बसतो.

त्या मुलीला मी सांगितलं ते असं: नवं काम असेल तर विनंत्या एचटीटीपीनेच पुढे पाठवणारा साधा प्रॉक्सी घे. आयपी आणि एसएसएलची माहिती एक्स-फॉरवर्डेड हेडरमधून पाठव आणि टॉमकॅटमध्ये ते हेडर वाचणारा रिमोट-आयपी व्हॉल्व्ह लाव. तो फक्त आपल्या प्रॉक्सीच्या पत्त्यावरच विश्वास ठेवेल, हेही बघ. जुन्या प्रणालीत एजेपी काढता येत नसेल, तर दोन्ही बाजूंना तोच गुप्त शब्द दे. मॉड-प्रॉक्सी-एजेपीला तो अपाचे २.४.४२ पासूनच कळतो, तेव्हा आधी अपाचेची आवृत्ती तपास.