विद्यापीठाचं नाव आणि विद्यापीठातले दिवस

भाचीचा फोन स्पीकरवर होता. बीएस्सी केमिस्ट्री झालेली, एमएस्सीला दोन विद्यापीठांत नंबर लागत होता. मागून तिचे बाबा सांगत होते, "अगं, ए प्लस प्लस आहे, अजून काय पाहिजे?" आणि ती विचारत होती, "हॉस्टेल मिळेल का, ते कोण सांगणार?" भांडण नव्हतं. दोघंही 'चांगलं विद्यापीठ' म्हणत होते, फक्त बाबा नावाबद्दल बोलत होते आणि ती तिथे काढायच्या दोन वर्षांबद्दल.

आधी नावाचं बघू. नाव म्हणजे हल्ली दोन गोष्टी, आणि त्यांचीही लोक गल्लत करतात. नॅक, म्हणजे विद्यापीठं-कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था, श्रेणी देत आली आहे. चारपैकी 3.51 किंवा त्याहून जास्त गुण मिळाले की ए प्लस प्लस, आणि ती श्रेणी साधारण पाच वर्षं टिकते. मुंबई विद्यापीठाला 2021 मध्ये 3.65 मिळाले होते. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची क्रमवारी, क्रमांक लावते, तेही दरवर्षी. तिथे शिकवणं आणि साधनसामग्रीला 30 टक्के वजन, संशोधनाला 30, विद्यार्थी पुढे काय करतात याला 20, सर्वसमावेशकतेला 10 आणि उरलेले 10 लोकमताला. हे लोकमत म्हणजे इतर प्राध्यापक आणि नोकऱ्या देणारे. तिथे शिकणाऱ्या मुलाला त्यात कोणी विचारत नाही. नॅक निदान विद्यार्थ्यांकडून समाधानाची प्रश्नावली भरून घेते, पण ती त्या भल्यामोठ्या अहवालाचा एक छोटासा भाग.

आता एक गोष्ट जी बहुतेक पालकांना माहीतच नसते. एनआयआरएफमध्ये विद्यापीठाचा क्रमांक लावताना आवारातले विभाग धरतात, संलग्न कॉलेजं धरत नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी पुणे, नगर आणि नाशिक जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं जोडलेली आहेत. तालुक्याच्या गावी बीए करणाऱ्या मुलाच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचंच नाव येतं, पण गणेशखिंडीतल्या त्या क्रमांकाचा त्याच्या वर्गाशी काडीचा संबंध नसतो. नाव पदवीबरोबर सगळीकडे जातं. अनुभव मात्र जिथल्या तिथे राहतो, त्या इमारतीत, त्या विभागात.

क्रमांक हलतोही फार. राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या यादीत पुणे विद्यापीठ 2024 मध्ये तिसरं होतं, 2025 मध्ये अकरावं. 2024 ला प्रवेश घेतलेल्या मुलाचे सर तेच, जयकर ग्रंथालयही तेच. एका वर्षात त्याचं शिक्षण आठ पायऱ्या खाली आलं असं कोणी म्हणणार नाही. तरी ती घसरण अगदीच पोकळ समजू नये, कारण विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती हे त्यात मोजलं जातं, आणि शिक्षकांच्या न भरलेल्या जागांचा चटका वर्गातही बसतोच. नाव आणि अनुभव जिथे खरोखर एकमेकांना भिडतात अशी ही एक जागा.

अनुभवाचे आकडे छापून येत नाहीत. ते शब्दांत कळतात, आणि ते शब्द आतल्या मुलांचे असतात. 'सीएचबी' म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक: तास झाला की दुसऱ्या कॉलेजला पळणारे, त्यामुळे शंका विचारायला चारनंतर सापडत नाहीत. 'पॅरासाइट' म्हणजे हॉस्टेलच्या यादीत नाव न आल्यामुळे मित्राच्या खोलीत गादी टाकून राहणारा मुलगा. ज्या आवारात पॅरासाइट जास्त तिथे हॉस्टेल कमी, एवढा हिशोब पुरे. 'कमवा व शिका' योजनेतलं काम ग्रंथालयात, ऑफिसात की बागेत, आणि पैसे वेळेवर मिळतात का, हे ज्याच्या मेसचं बिल त्यावर चालतं त्यालाच विचारावं.

आणि निकाल. मुंबई विद्यापीठ 1857 चं, देशातल्या पहिल्या तीन आधुनिक विद्यापीठांपैकी एक. नावाला कोण बोट लावणार? तरी 2017 मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासायच्या घाईत निकाल महिनोन्‌महिने लांबले, पुढच्या प्रवेशाची मुदत टळेल म्हणून मुलं हवालदिल झाली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. त्या वर्षी टीवायला असणाऱ्यांना राजाबाई टॉवरचा अभिमान बाळगायला उसंत नव्हती.

भाचीला घेऊन आम्ही दोन्ही विभाग बघून आलो, मुद्दाम साध्या बुधवारी, न सांगता. नाववाल्या ठिकाणी इमारत नवी, एनएमआरची, म्हणजे रेणूची रचना तपासणाऱ्या मोठ्या मशीनची, खोली एसी. दाराशी वही टांगलेली: तारीख, नाव, सॅम्पल. भाचीने दोन पानं उलटली. सगळी नावं पीएचडीवाल्यांची, एमएस्सीचं एकही नाही. दुसऱ्या ठिकाणी बाकं जुनी, ब्युरेटचे स्टँड गंजलेले, आणि मोठं मशीन म्हणावं असं काही नव्हतं. पण युव्ही या छोट्या तपासणी यंत्राच्या वहीत एमएस्सी भाग दोनच्या मुलांची नावं ओळीने होती. फळ्यावरच्या वेळापत्रकात मात्र आठ आद्याक्षरांपैकी पाचांपुढे पेन्सिलीने 'सीएचबी'. म्हणजे तिथेही सगळं गोड नव्हतं.

मला विचाराल तर कशासाठी जाताय त्यावर तोल ठरतो. बीए-बीएस्सीला विद्यापीठाचं नाव जवळजवळ विसरावं आणि कॉलेज बघावं. तीन वर्षं रोज एसटीचे दोन तास खाणारं नामांकित कॉलेज गावाजवळच्या नीट चालणाऱ्या कॉलेजापेक्षा बरं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. एमएला, एमएस्सीला विभाग बघावा. पीएचडीला गाइड, आणि तो गाइड आधीच्या मुलांना किती वर्षांत सोडतो ते.

पण नाव म्हणजे नुसता थाट, असं म्हणणारे बहुधा ज्यांच्या घरी आधीच ओळखीपाळखी आहेत ते असतात. ज्या मुलीच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली तीच पहिली, तिच्या अर्जावर ओळखीचं नाव दिसलं तर परगावचा माणूस निदान फाइल उघडतो. नामांकित विद्यापीठात शेजारी बसणारी मुलंही वेगळी भेटतात, प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी करणारी, बाहेरच्या फेलोशिप धुंडाळणारी. हाही अनुभवच की. तो नावामुळेच जमतो.

भाची शेवटी नाववाल्या ठिकाणीच गेली. वहीत आपलं नाव कसं लिहायचं ते मी बघते, म्हणाली. हॉस्टेलच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं, दुसऱ्याही नाही. सध्या सातारच्या एका मैत्रिणीच्या खोलीत पॅरासाइट आहे, आणि तिचे बाबा पाहुण्यांना ए प्लस प्लस सांगतात.