महिला रग्बी : खेळाडू ते पगारी कोच

नाशिकमध्ये कबड्डी खेळत वाढलेल्या मुलीला रग्बी शिकवायला घेतलं, की एक अडचण ठरलेली. समोरची पडली तरी ही तिला सोडत नाही! कबड्डीत चढाईवाल्या मुलीचा घोटा एकदा धरला की तिचा दम सुटेपर्यंत धरून ठेवायचा असतो. रग्बीत उलटं आहे. टॅकल करून, म्हणजे धरून पाडल्यावर, ती खाली आली की लगेच हात सोडायचे आणि बाजूला लोळायचं, नाहीतर पेनल्टी. बाजूने टॅकल करताना डोकं तिच्या कमरेच्या मागे ठेवायचं. पुढे गेलं तर गुडघा थेट कानशिलात बसतो. फळ्यावर काढून हे समजत नाही. जिने स्वतः असे मार खाल्लेत तीच मान धरून दाखवू शकते, आणि म्हणून मला खेळून आलेली बाई कोच म्हणून फार मोलाची वाटते.

मग अशा कोच इतक्या उशिरा का आल्या? कारण खेळायलाच पैसे नव्हते. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये झाला, तोही आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेशिवाय. १२ संघ आले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९-६ असं हरवलं. सोव्हिएत संघातल्या मुलींकडे तर परकीय चलन नव्हतं. त्यांनी व्होडका आणि कॅव्हियार सोबत आणलं होतं, ते विकून खर्च भागवायचा बेत होता. पुरुषांचा रग्बी १९९५ मध्ये व्यावसायिक झाला. इंग्लंडच्या २८ महिला खेळाडूंना पूर्णवेळ करार मिळाले ते थेट जानेवारी २०१९ मध्ये.

मधल्या काळात नोकरी सांभाळून खेळायचं, आणि खेळ संपला की पुन्हा नोकरी. तरीही काही जणी टिकल्या. १९९४ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंड संघातल्या जिझेल मॅथर या लेव्हल-४ ही वरच्या पातळीची कोचिंग पात्रता मिळवणाऱ्या तिथल्या पहिल्या महिला. त्यांनी लंडन आयरिश क्लबच्या अकादमीत मुलांना घडवलं. इंग्लंडच्या माजी कर्णधार जो यॅप २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाच्या कोच झाल्या. त्या संघाला पूर्णवेळ मुख्य कोच मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आपल्याकडे हा खेळ जुना आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा त्याच्या खात्यातले चांदीचे रुपये वितळवून कलकत्ता कप घडवला गेला, आणि इंग्लंड-स्कॉटलंड सामना १८७९ पासून त्याच्यासाठी खेळला जातो. पण भारतीय महिलांचा १५ जणींचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला २०१८ मध्ये. पुढच्याच वर्षी सिंगापूरला २१-१९ असं हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळाला. संघाच्या तेव्हाच्या कर्णधार, पुण्याच्या वाहबिझ भरूचा, पेशाने फिजिओथेरपिस्ट. देशाची कर्णधार, आणि पोटापाण्याची सोय वेगळी.

नाशिकला कोचचं मोल नव्याने सांगायला नको. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं, त्यामागे मैदानावर तिच्याकडून तयारी करून घेणारे विजेंद्र सिंग होते. रग्बीच्या मुलींनाही तसंच रोज हजर असणारं माणूस हवं आहे. खेळून थांबलेली एखादी ताई लेव्हल-१ चा, म्हणजे कोचिंगचा सुरुवातीचा, कोर्स करेलही, पण महिन्याचा पगार नसेल तर ती रविवारीच येणार. आणि टॅकलमधली मान रविवारच्या रविवार सुधारत नाही.